कॅमेऱ्याला कोणी तपासायचे?



मागच्या महिन्यात काही कामासाठी मी खोपोलीला गेलो होतो. परतीच्या एस.टी.ला वेळ होता, म्हणून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका टपरीवर चहा घेत बसलो. शेजारच्या बाकड्यावर तीन-चार ट्रकचालक, एक टॅक्सीवाले आणि एक पोरगेलासा क्लीनर अशी मंडळी होती. बोलणे एकाच विषयावर चालले होते: द्रुतगती मार्गावर बसवलेले वेगाचे कॅमेरे. 2024 च्या जुलैत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची ही नवी व्यवस्था सुरू झाली. तेव्हापासून या भागातल्या कोणत्याही टपरीवर बसा, पाऊस आणि डिझेलचा भाव यांच्या जोडीला हा तिसरा विषय असतोच.

मी विज्ञान शिकवतो असे कळल्यावर त्यांनी मलाच पंच केले. "सर, तुम्हीच सांगा," एक वयस्क चालक म्हणाले, "हे कॅमेरे आमच्या भल्यासाठी आहेत का सरकारच्या तिजोरीसाठी?" दुसरे म्हणाले, "वेगानं अपघात होत नाहीत हो, बेशिस्तीनं होतात. वीस वर्षं झाली मला, एक ओरखडा नाही." तिसऱ्यांची तक्रार घाटाची होती. "घाटात चाळीसनं चालवा म्हणतात. चाळीस म्हणजे सायकल झाली, सर!" यावर सगळे हसले. एवढ्यात तो क्लीनर मुलगा हळूच म्हणाला, "पण अण्णा, त्या कॅमेऱ्याला कोन तपासतं?" यावर तर सगळे आणखीच मोठ्याने हसले. "खा वडा गप," असे म्हणून कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

माझी एस.टी. आली आणि पंचाचा निकाल राहून गेला. तो आता तुमच्यापुढे मांडतो. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, काका, मामा गाडी चालवीत असतील. घरी चलन आले असेल, त्यावरून कुरबुर झाली असेल. तेव्हा हा विषय केवळ मोठ्या माणसांचा आहे असे समजू नका.

पहिली तक्रार पैशाची. तिच्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. कॅमेरा पैशासाठी आहे की जीव वाचवण्यासाठी, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. ज्याला दंड हवा असतो तो कॅमेरा लपवतो. ज्याला वेग कमी व्हायला हवा असतो तो कॅमेऱ्याच्या आधी मोठा फलक लावतो. 2021 मध्ये केंद्राने या यंत्रांसंबंधी नियम केले, त्यांत असा फलक लावणे सांगितले आहे. तुमच्या रस्त्यावर तो फलक आहे का, झाडाच्या फांदीआड गेला आहे का, हे तुम्ही स्वतः पाहू शकता. (समोरून येणारा चालक दिव्याची उघडझाप करून "पुढे कॅमेरा आहे" अशी खूण करतो, तेव्हा तो नकळत कॅमेऱ्याचेच काम करीत असतो, ही आणखी एक गंमत!)

दुसरी तक्रार मात्र नीट तपासली पाहिजे, कारण ती अनुभवावर आधारलेली आहे आणि अनुभवाला कमी लेखणे बरे नव्हे. वीस वर्षांत ओरखडा नाही, हे त्या चालकाचे म्हणणे खरे असणार. पण असे पाहा, त्या टपरीवर बसलेले सगळेच सुखरूप होते. ज्यांची वीस वर्षे पुरी झाली नाहीत ते चहा प्यायला आलेच नव्हते. फक्त वाचलेल्यांना विचारून काढलेले अनुमान नेहमीच रस्त्याच्या बाजूने झुकते. सगळ्यांची मोजदाद केली तर चित्र निराळे दिसते. 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्यू पावली आणि त्यांपैकी 71 टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण लिहिलेले आहे.

आता कागद-पेन्सिल घ्या. एक मोटार ताशी 100 किलोमीटरने चालली आहे. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर. समोर काही अडथळा दिसला. डोळ्यांनी पाहिले, मेंदूला कळले, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद जातो असे धरू. या सेकंदात गाडी 28 मीटर पुढे गेली आणि तिचा वेग तसूभरही कमी झालेला नाही. आता ब्रेक लागले. रस्ता कोरडा आहे, टायर बरे आहेत, आणि दर सेकंदाला वेग 7 मीटर प्रतिसेकंद इतका घटतो असे माना. तुमच्या पाठ्यपुस्तकातले गतीचे तिसरे समीकरण वापरा. गाडी थांबायला आणखी 55 मीटर लागतात. एकूण 83 मीटर.

दुसरी मोटार ताशी 120 ने चालली आहे. हिशोब तोच. पहिल्या सेकंदाचे 33 मीटर, ब्रेकचे 79 मीटर, एकूण 112 मीटर. वेग पाचव्या हिश्शाने वाढला, पण ब्रेकचे अंतर 55 वरून 79 वर गेले, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

इथपर्यंत पुष्कळ जण येतात. यापुढचा प्रश्न फार थोडे विचारतात. समजा, या दोन्ही गाड्या एकमेकींच्या बरोबरीने चालल्या होत्या, दोघींना अडथळा एकाच क्षणी दिसला, आणि तो बरोबर 83 मीटरांवर होता. पहिली गाडी अडथळ्याला टेकून थांबली. त्या ठिकाणी दुसऱ्या गाडीचा वेग किती असेल? वर्गात विचारले की मुले सांगतात, ताशी 20 असेल. 120 वजा 100, म्हणजे 20. उत्तर आहे ताशी सुमारे 73 किलोमीटर! स्वतः करून पाहा. आधी विश्वास बसणार नाही, पण समीकरण खोटे बोलत नाही. वीस जास्तीच्या किलोमीटरांनी एका गाडीला थांबण्याऐवजी 73 च्या वेगाने आदळायला लावले.

आणि या बदल्यात मिळाले काय? हा मार्ग सुमारे 94 किलोमीटरांचा आहे. सगळा सपाट आणि मोकळा धरला तरी 100 ने 56 मिनिटे लागतात आणि 120 ने 47. नऊ मिनिटे वाचली. प्रत्यक्षात घाट आहे, टोल नाके आहेत, तेव्हा तेवढीही नाहीत. चहाला मात्र वीस मिनिटे.

तेव्हा "वेगाने नाही, बेशिस्तीने" हे म्हणणे अर्धेच खरे. अपघाताची सुरुवात पुष्कळदा बेशिस्तीने होते, हे मान्य. कोणी वाहन मध्येच थांबवले, कोणी मार्गिका बदलली. पण त्या चुकीचा शेवट ओरखड्यात होणार की इस्पितळात, हे वेग ठरवतो.

तिसरी तक्रार घाटातल्या चाळीसची. कॅमेरे लागले तेव्हा जड वाहनांना घाटात ताशी 40 ची मर्यादा होती. ही तक्रार ऐकताना मलाही थोडी सहानुभूती वाटली होती. मोकळा उतार पुढे दिसतो आहे, मालकाचा फोन वाजतो आहे, आणि काटा चाळीसवर धरून ठेवायचा, हे सोपे नाही. 2025 च्या जुलैत राज्यातल्या मालवाहतूकदारांनी संप केला, तेव्हाही ई-चलनाचा प्रश्न त्यांच्या मागण्यांत होता. ही माणसे हौसेने ओरडत नाहीत. एकेका चलनाचा दंड हा कित्येकांच्या दिवसाच्या कमाईपेक्षा मोठा असतो.

पण पुन्हा कागदाकडे वळू. 40 टनांचा भरलेला ट्रेलर खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतो आहे. उंचीतला फरक सुमारे 500 मीटर. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे 19 कोटी 60 लाख ज्यूल ऊर्जा. ही ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे. तिची गती होऊ द्यायची नसेल तर तिची उष्णता होणार. ती सगळी पाण्यात ओतता आली असती तर सुमारे 600 लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापले असते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीएवढे पाणी! थोडी उष्णता इंजिन घेते, थोडी हवा घेते. उरलेली ब्रेकच्या लोखंडी ड्रमांना आणि लायनरना सोसावी लागते.

उतार सुमारे 10 किलोमीटर धरा. 40 च्या वेगाने तो उतरायला 15 मिनिटे लागतात, 60 च्या वेगाने 10 मिनिटे. एकूण उष्णता तेवढीच, पण ती बाहेर टाकायला वेळ कमी. पंधरा मिनिटांत उतरलात तर दोन हजार वॅटच्या 109 विजेच्या शेगड्या सतत पेटत्या ठेवल्यासारखे होते. दहा मिनिटांत उतरलात तर 163 शेगड्या. ब्रेक फार तापले की त्यांची पकड सुटते. चालकांच्या भाषेत 'ब्रेक लागत नाही'. मग पुढे जे होते ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा तर इंजिनाची मदतही हाताने दूर सारतो.

म्हणजे सायकलीचा वेग वाटणारे ते चाळीस उतारावर अगदी शहाणपणाचे आहे. हा हिशोब घाटाच्या तोंडाशी मोठ्या फलकावर चित्रासह लावला असता तर निम्मी कुरबुर कमी झाली असती, असे माझे मत आहे. नुसते '40' लिहिलेले वर्तुळ हुकूम सांगते, कारण सांगत नाही. उलट, चढावर किंवा घाटातल्या सपाट तुकड्यावर हेच कारण लागू पडत नाही. मोटार 60 ने आणि ट्रक 40 ने अशा एकाच रस्त्यावरच्या दोन चालींमुळे मागून आदळण्याचा धोका वाढतो, हेही चालक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. कॅमेरा बसवला म्हणजे मर्यादा बरोबर ठरली, असे होत नाही. मर्यादेचा विचार वेगळा करावा लागतो.

(जाता जाता: तुमच्या पुस्तकात दिशेसह ती 'वेग' आणि दिशेशिवाय ती 'चाल' असे पाठ केलेले असेल. त्या अर्थी फलकावर 'चालमर्यादा' लिहायला हवे. पण परीक्षेबाहेर एवढी सूट चालकांना आणि मलाही द्या.)

आता येऊ त्या क्लीनर मुलाच्या प्रश्नाकडे. सगळे त्याला हसले. मला मात्र टपरीवरचा सर्वांत वैज्ञानिक प्रश्न तोच वाटला.

कॅमेरा वेग मोजतो म्हणजे काय करतो? पुष्कळ यंत्रे रडार वापरतात. आगगाडी शिट्टी वाजवीत जवळ येते तेव्हा शिट्टीचा स्वर चढा ऐकू येतो आणि पुढे निघून गेली की एकदम उतरतो, हे तुम्ही फलाटावर अनुभवले असेल. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 मध्ये हा परिणाम मांडला. 1845 मध्ये हॉलंडमध्ये बॉइज बॅलट यांनी चक्क आगगाडीत तुतारीवादक बसवून आणि रुळांशेजारी कानांचे तयार संगीतज्ञ उभे करून त्याची परीक्षा घेतली. रडार हेच रेडिओ लहरींनी करते. सेकंदाला सुमारे 24 अब्ज कंपने असलेली लहर गाडीवर सोडली आणि गाडी ताशी 100 ने जवळ येत असली, तर परत येणाऱ्या लहरीची वारंवारता सुमारे साडेचार हजारांनी वाढलेली असते. 24 अब्जांत साडेचार हजारांचा फरक! तो अचूक पकडणे ही खरोखर कौतुकाची गोष्ट आहे.

पण कौतुक केले म्हणजे काम संपले नाही. यंत्र रस्त्याकडे तिरपे पाहते. गाडी सरळ रेषेत जाते आणि यंत्राला तिच्या वेगाचा फक्त आपल्या दिशेचा भाग दिसतो. कोन 20 अंशांचा असेल तर 100 चा वेग 94 दिसतो, कारण 20 अंशांची कोज्या 0.94 आहे. म्हणून बसवताना यंत्राला त्याचा कोन सांगून ठेवावा लागतो. आता वादळात खांब थोडा फिरला, किंवा बसवणाऱ्यानेच कोन चुकीचा भरला, तर? यंत्र तितक्याच ठामपणे चुकीचा आकडा सांगेल. यंत्राला शंका येत नाही. शंका माणसाने घ्यायची असते.

या कॅमेऱ्याच्या मूळ पुरुषाची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. मॉरिस गॅटसोनिडेस हे हॉलंडचे नामांकित शर्यतपटू. 1953 ची माँटे कार्लो रॅली त्यांनी जिंकली होती. वळणावर आपण नेमके किती वेगाने जातो आणि तो कसा वाढवता येईल, हे कळावे म्हणून त्यांनी वेग मोजण्याचे साधन बनवायला घेतले. म्हणजे वेग वाढवण्यासाठी केलेले यंत्र पुढे जगभर वेग कमी करण्यासाठी वापरले गेले! पण मला त्यांच्या यंत्राची दुसरीच गोष्ट आवडते. त्या धर्तीचा कॅमेरा अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन छायाचित्रे घेतो आणि रस्त्यावर ठरावीक अंतरावर पांढऱ्या रेषा आखलेल्या असतात. रडारने 100 सांगितले, तर दोन छायाचित्रांत गाडी जवळजवळ 14 मीटर सरकलेली दिसली पाहिजे. रेषा मोजायच्या. जुळले तर ठीक, नाही जुळले तर दंड नाही. एका तत्त्वाने केलेले मापन दुसऱ्या, स्वतंत्र तत्त्वाने पडताळायचे. प्रयोगशाळेत आपण हेच करतो.

द्रुतगती मार्गावर सरासरी वेग मोजण्याचीही सोय आहे. एका कमानीखालून गाडी गेली, नंबर आणि वेळ टिपली. पुढच्या कमानीखाली पुन्हा टिपली. अंतर भागिले वेळ. समजा, दोन कमानींत 10 किलोमीटर आहेत. 100 ने जायला 6 मिनिटे लागतात. तुम्ही 5 मिनिटांत पोहोचलात तर सरासरी 120. मग मधल्या रस्त्यात कुठे तरी तुमचा काटा 120 वर गेलाच होता, हे कोणत्याही युक्तिवादाने नाकारता येत नाही. पुढे महाविद्यालयात हे एका प्रमेयाच्या रूपात भेटेल. कॅमेऱ्याजवळ ब्रेक मारायचा आणि पुढे सुसाट सुटायचे, ही युक्ती इथे चालत नाही. मध्ये थांबून चहा घेतलात तर मात्र यंत्र फसते. पण चहा घेणारा माणूस ताजातवाना होऊन पुढे जातो, तेव्हा ही फसवणूक मला तरी चालेल! शिवाय या पद्धतीत चुकीला जागा कमी. घड्याळात एका सेकंदाचा फरक पडला तरी 360 सेकंदांत तो किती? पाव टक्क्याच्या आसपास.

तर मग "कोन तपासतं?" या प्रश्नाचे उत्तर काय? उत्तर कागदावर आहे, आणि चांगले आहे. 2021 च्या त्या नियमांत म्हटले आहे की अशा प्रत्येक यंत्राला ते अचूक असल्याचे प्रमाणपत्र हवे, ते राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून मिळायला हवे आणि दरवर्षी नवे करून घ्यायला हवे. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी, असेही त्यात होते. 2025 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने रडार वेगमापकांसाठी वैधमापनाचे नियम काढले. वाण्याच्या तराजूवर जसा ठरावीक मुदतीने शिक्का बसतो, तसे हे यंत्रही पडताळून, शिक्का मारून मगच रस्त्यावर यावे, हा त्यांचा अर्थ. म्हणजे क्लीनर मुलाचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. दिल्लीत बसलेल्या जाणत्यांनाही तोच पडला होता.

अडचण अशी की टपरीवरच्या एकालाही हे ठाऊक नव्हते. वाण्याकडे तराजूवरचा शिक्का आपण वाकून पाहू शकतो. कॅमेरा कमानीवर, वीस फुटांवर. म्हणून माझे मत असे की प्रत्येक चलनावर तीन गोष्टी ठळक छापाव्यात: यंत्र शेवटचे कधी तपासले, वेग कोणत्या पद्धतीने मोजला, आणि दुसऱ्या कोणत्या पुराव्याने तो पडताळला. शाई थोडी जास्त लागेल. पण ज्या मापनाचा पडताळा मागता येत नाही ते मापन न राहता नुसता हुकूम होतो, आणि हुकूम चुकवण्यात माणसाला मोठा पुरुषार्थ वाटतो.

सूचना वेळेवर मिळण्याचे महत्त्वही तेवढेच. घटक चाचणीचा पेपर पुढच्या वर्षी हातात पडला तर तुम्ही त्यातून काय शिकाल? माझ्या एका शेजाऱ्यांना कित्येक आठवड्यांनी चलन मिळाले. त्या दिवशी आपण त्या रस्त्याने गेलो होतो की नाही, हेच त्यांना आठवेना. दंड भरला, पण सवय बदलली नाही.

कॅमेऱ्याने खरोखर अपघात कमी होतात का, हाही प्रश्न चालक विचारतात. त्यात एक गणिती खाच आहे ती दाखवतो. वर्गातल्या साठ मुलांनी एकेक फासा टाका. ज्यांना 6 पडले ते 'धोक्याचे चौक'. साधारण दहा जण निघतील. त्यांच्या बाकावर 'कॅमेरा' असे लिहिलेला कागद ठेवा आणि त्यांना पुन्हा फासा टाकू द्या. या खेपेला त्यांची सरासरी साडेतीनच्या आसपास येईल. 6 वरून साडेतीन! कागदी कॅमेऱ्याने अपघात चाळीस टक्क्यांनी घटवले! ज्या वर्षी अपघात फार झाले त्याच ठिकाणी कॅमेरा बसवला, तर पुढच्या वर्षीची घट काही अंशी अशीच आपोआप आलेली असू शकते. तेव्हा नुसते 'आधी इतके, नंतर इतके' ऐकून माना डोलावू नका.

ही खाच ओळखणाऱ्या अभ्यासकांनी 2010 मध्ये निरनिराळ्या देशांतली 35 संशोधने एकत्र तपासली. कॅमेऱ्यांच्या परिसरात सर्व प्रकारचे अपघात 8 ते 49 टक्क्यांनी, आणि मृत्यूचे व गंभीर दुखापतीचे अपघात 11 ते 44 टक्क्यांनी कमी झालेले आढळले. 8 आणि 49 मध्ये अंतर मोठे आहे, सगळी संशोधने सारख्या दर्जाची नव्हती, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. पण एकूण दिशा एकच होती. म्हणून मी कॅमेऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि त्या क्लीनर मुलाच्याही बाजूचा आहे. या दोन बाजू एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे मला वाटत नाही.

शेवटी, तुम्हाला करता येईल असा एक प्रयोग. शिक्षकांना बरोबर घ्या. शाळेजवळच्या सरळ रस्त्यावर, पदपथावर, वाहनांपासून दूर, रस्ता न ओलांडता उभे राहा. रस्त्याच्या कडेने टेपने 100 मीटर मोजून दोन्ही टोकांना खुणा करा. एका टोकाला रुमाल दाखवणारा, दुसऱ्या टोकाला स्टॉपवॉचवाला. गाडी ताशी 50 ने गेली तर 7.2 सेकंद लागतील. हाताच्या चुकीने दोन दशांश सेकंद इकडेतिकडे झाले तरी चूक तीन टक्क्यांच्या आत राहते. हिशोबासाठी 360 ला सेकंदांनी भागा, ताशी किलोमीटर मिळतात. का, ते तुम्हीच शोधा.

आमच्या नववीच्या मुलांनी हा प्रयोग केला त्या दिवशी एक टेम्पोवाले थांबले. "काय रे पोरांनो, चलन फाडता काय?" असे त्यांनी दरडावून विचारले. मुलांनी वही दाखवली. 8.6 सेकंद, ताशी 42. "चूक! माझा काटा पंचेचाळीसवर होता," ते म्हणाले. मुले जरा हिरमुसली. मग एका मुलीने त्यांना सांगितले, की काटा खऱ्यापेक्षा थोडे जास्तच दाखवील, कमी कधीच दाखवणार नाही, अशा बेताने गाड्यांचे वेगदर्शक बनवलेले असतात. नियमच तसा आहे. टेम्पोवाले क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग गाडीत बसले, पुढच्या चौकातून वळून परत आले आणि खिडकीतून ओरडले, "आता बरोबर चाळीसनं जातो. मोजा बरं नीट!"

मुलांनी मोजले. 9.5 सेकंद.